ग्वाल्हेरच्या बायजाबाईसाहेब शिंदे

काशीक्षेत्री मणिकर्णिका घाटाच्या लगत उत्तरेस शिंदे घाट आहे. यात्रेस गेलेल्या मराठी माणसास तेथे शिंदे हे नाव ऐकून आपलेपणा वाटतो, आणि हा घाट थोरल्या महादजी शिंद्यांचा असावा अशी त्याची सहजच समजूत होते. वस्तुतः हा घाट १८३० साली बांधविला तो ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी. त्याच्या दोनच वर्षे आधी, १८२८ साली, ज्ञानवापीच्या विहिरीभोवती चाळीसहून अधिक खांबांचा दगडी मंडप त्यांनीच उभारला होता. उज्जैनचे गोपाळमंदिर त्यांचेच, आणि पंढरपुरी द्वारकाधीशाचे मंदिरही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. इतकी कामे जिने केली त्या स्त्रीचे चरित्र मात्र आपल्या घरांतून फारसे सांगितले जात नाही. अहल्याबाईंचे नाव मुलांस पाळण्यापासून ठाऊक असते, झाशीच्या राणीचेही असते. बायजाबाईंचे नाव या दोन तेजस्वी नावांच्या मध्ये कोठेतरी हरवून गेले आहे. ते चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगत आहो.

बायजाबाईंचा जन्म १७८४ च्या सुमारास कोल्हापूरकडील कागलच्या घाटगे घराण्यात झाला. वडील सखाराम घाटगे हे पुढे सर्जेराव या किताबाने प्रसिद्धीस आले. प्रसिद्धीपेक्षा कुप्रसिद्धीस आले असे म्हणणेच अधिक बरोबर होईल. १७९४ साली महादजी शिंदे वारले आणि शिंद्यांची प्रचंड दौलत पंधरा वर्षांच्या दौलतरावांच्या हाती आली. या तरुण धन्याच्या मर्जीत शिरण्याचा मार्ग सर्जेरावांस आपल्या कन्येच्या विवाहात दिसला. १७९८ साली पुण्यास मोठ्या थाटाने हा विवाह झाला, आणि सर्जेराव शिंद्यांचे दिवाण झाले.

या विवाहानंतर पुण्यावर जे गुदरले ते महाराष्ट्राच्या इतिहासातील एक अत्यंत काळे पान आहे. पेशवाईची गादी मिळवून दिल्याबद्दल दुसऱ्या बाजीरावांनी दौलतरावांस दोन कोटी रुपये देण्याचे कबूल केले होते. ते त्यांच्यापाशी नव्हते. तेव्हा पुण्यातील धनिकांकडून ते वसूल करण्याची मोकळीक सर्जेरावांस देण्यात आली. सावकार, कारकून, जुने मुत्सद्दी यांस धरून आणले गेले. कोरड्यांचा मार आणि तापलेल्या तोफेला बांधणे अशा उपायांनी पैसा काढण्यात आला, आणि काहींचे त्यात प्राणही गेले. चौदा वर्षांच्या नववधूचा या प्रकारात काही दोष नव्हता हे उघड आहे. परंतु ज्या संपत्तीच्या झगमगाटात तिने सासरी पाऊल टाकले तिच्यामागे कोणाचे अश्रू होते, हे तिच्यापासून लपून राहिले असेल असे वाटत नाही. सर्जेरावांचा शेवटही तसाच झाला. काही वर्षांनी शिंद्यांच्याच छावणीत तंटा होऊन ते भाल्याने मारले गेले. पैसा बळाने काढता येतो, पण तो काढणारा टिकत नाही, हा धडा बायजाबाईंस आपल्या माहेरीच मिळाला.

त्या काळी शिंद्यांचा दरबार म्हणजे चालती छावणी होती. तंबू हेच राजवाडे, आणि घोडे व तोफा हाच संसार. बायजाबाई उत्तम घोडेस्वार होत्या. पतीबरोबर त्या मुलूख फिरल्या, हिशेब पाहू लागल्या, दरबारात कोण कोणाचा आहे हे ओळखू लागल्या. १८०३ साली असई व लासवारी येथे शिंद्यांच्या कवायती फौजा इंग्रजांपुढे हरल्या आणि सुर्जी अंजनगावचा तह झाला. १८०५ च्या नोव्हेंबरात दुसरा तह झाला, त्यात एक विशेष कलम आहे. कंपनी सरकारने बायजाबाईंच्या नावे वार्षिक दोन लाखांची, आणि त्यांची कन्या चिमणाबाई हिच्या नावे एक लाखाची जहागीर देण्याचे मान्य केले. दोन सत्तांमधील तहात राणीचे नाव घालून तिच्या खाजगी उत्पन्नाची तरतूद केली जाते, यावरून एकवीस वर्षांच्या या स्त्रीचे वजन दरबारात किती वाढले होते ते दिसून येते. दौलतराव स्वभावाने चैनी व आळशी होते. कामकाजात राणीची सल्ला घेतल्यावाचून ते सहसा पाऊल टाकीत नसत.

१८१० साली दौलतरावांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली तळ दिला. तो तळ पुन्हा उठला नाही. तंबूंच्या जागी घरे आली, घरांभोवती पेठा वसल्या, आणि त्या वस्तीस लष्कर हेच नाव कायम झाले. पुढे १८१७ साली पेंढाऱ्यांच्या निमित्ताने इंग्रजांनी पुन्हा हात पुढे केला, तेव्हा पेशव्यांच्या बाजूने उभे राहावे असा बायजाबाईंचा आग्रह होता. दौलतरावांनी इंग्रजांची अट मान्य केली. त्या वेळी राणीने पतीस भित्रेपणाबद्दल दोष दिला आणि काही काळ त्या त्यांच्यापासून दूरही राहिल्या, असे इतिहासकार सांगतात. अजमीर इंग्रजांस देण्यासही त्यांचा विरोध होता.

१८२७ च्या मार्च महिन्यात दौलतराव वारले. पुत्र नव्हता. राज्याचा कारभार बायजाबाईंनी पाहावा अशी इच्छा त्यांनी मृत्यूपूर्वी इंग्रज रेसिडेंटापाशी व्यक्त केली होती. शिंद्यांच्या भाऊबंदांतून मुकुटराव नावाचा अकरा वर्षांचा मुलगा दत्तक घेण्यात आला, त्याचे नाव जनकोजीराव ठेवले, आणि बाईसाहेब त्याच्या नावे राज्य चालवू लागल्या. त्यांचे वय तेव्हा त्रेचाळीस होते.

येथून पुढील सहा वर्षे हा त्यांच्या चरित्राचा मध्यबिंदू होय. मोठी फौज, थकलेले पगार, आपापसांत स्पर्धा करणारे सरदार, आणि डोक्यावर इंग्रजांची नजर, अशा स्थितीत विधवा स्त्रीने राज्य चालविणे म्हणजे सुळावरची पोळी होती. बायजाबाईंनी एक गोष्ट ओळखली. तलवारीचे दिवस गेले होते. आता दरबारात ज्याच्यापाशी रोकड असेल त्याचा शब्द चालणार होता. त्यांनी स्वतःची सावकारी उभी केली. उज्जैन व काशी येथे त्यांच्या पेढ्या होत्या, हुंड्या वटत होत्या, व्याजबट्टा चालत होता. उज्जैन हे त्या काळी माळव्यातील अफूच्या व्यापाराचे मोठे नाके होते, आणि अफूच्या पिकावर व वाहतुकीवर सावकारांचा पैसा लागत असे. माळव्याची सगळी अफू आपल्याच हातून जावी म्हणून कंपनी सरकारने माळवा व राजपुतान्यातील अनेक दरबारांशी करार केले. शिंदे दरबाराने तो करार केला नाही. शेवटी १८३१ साली कंपनीने तो बेत सोडून दिला आणि परवाने देऊन जकात घेण्याची पद्धत सुरू केली. हा व्यापार आज आपणांस भूषणावह वाटणार नाही. तथापि बलाढ्य कंपनीस शिंद्यांच्या मुलखात हवे तसे करता आले नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

कंपनी सरकारनेही बाईंच्या पैशाची किंमत ओळखली होती. ग्वाल्हेरहून कंपनीस ऐंशी लाखांचे कर्ज देण्यात आले, आणि त्याच्या व्याजातून इंग्रज अंमलदारांच्या हाताखालील कंटिंजंट फौजेचा खर्च भागू लागला. यातील खोच वाचकांनी पाहावी. कर्ज देणारा सावकार ऋणकोवर दाब ठेवतो असा जगाचा नियम आहे; येथे सावकाराच्याच पैशाने ऋणकोची फौज त्याच्या दारात उभी राहिली. बायजाबाईंस हे उमगले नसेल असे नाही, परंतु नाही म्हणण्याइतकी त्या काळी कोणत्याही दरबाराची छाती नव्हती.

याच सहा वर्षांत काशीचा मंडप झाला व घाटही झाला. सत्तेवर बसलेल्या विधवेने तीर्थक्षेत्री बांधकामे करावी ही आपली जुनी रीत आहे. त्यात भक्ती असते तशी राजनीतीही असते. काशीत भोसले, होळकर, पेशवे या सर्वांची कामे आहेत. तेथे शिंद्यांचे नाव एका स्त्रीच्या हातून लागले, आणि ते पाहणाऱ्या हिंदुस्थानभरच्या यात्रेकरूंस ग्वाल्हेरची गादी कोण सांभाळीत आहे हे न सांगता कळले. घाटाचा दगडी बोजा मात्र इतका होता की गंगेच्या काठची माती त्याखाली खचली आणि बांधकाम ढासळले. विसाव्या शतकात त्याची पुन्हा बांधणी झाली.

राज्यातही तसेच काहीसे होऊ लागले होते. जनकोजीराव मोठे झाले, आणि आपण राजे असून कारभार आईच्या हाती का, हा प्रश्न त्यांच्या मनात व त्याहूनही अधिक त्यांच्याभोवतीच्या मंडळींच्या मनात आला. बाईसाहेबांचे म्हणणे असे की पतीने राज्य आपल्या स्वाधीन केले, तेव्हा हयातीपर्यंत कारभार आपलाच. दोन्ही पक्षांत काही तथ्य होते. पण येथे बायजाबाईंची चूक झाली असे आम्हांस वाटते. ज्या मुलास गादीवर बसविले त्यास कारभाराचे शिक्षण देऊन हळूहळू वाटेकरी करणे हे आईचे काम होते. त्यांनी त्यास पहाऱ्यात ठेवले. पैशाचा हिशेब त्यांनी कधी चुकविला नाही. माणसाचा मात्र चुकविला.

इंग्रजांनी ही फट बरोबर ओळखली. १८३० च्या सुमारास त्यांनी आग्रह धरला की बाईंनी आपल्या पत्रांवर स्वतःचा नव्हे तर जनकोजींचा शिक्का उठवावा. एवढ्याशा शिक्क्याने दरबारातील सर्वांस समजले की बाईंची सत्ता उसनी आहे. १८३२ च्या अखेरीस गव्हर्नर जनरल लॉर्ड बेंटिंक ग्वाल्हेरीस आले. त्यांनी जनकोजींस धीर धरण्यास सांगितले, बाईंसही दुखविले नाही, आणि निकाल कोणताच दिला नाही. अनिश्चितपणाने जे व्हायचे ते झाले. १८३३ च्या जुलैत पलटणी उघडपणे जनकोजींकडे गेल्या. बायजाबाईंस आपले लष्कर सोडून धोलपूरच्या वाटेने आग्र्याकडे निघावे लागले. ज्या शहराची पहिली घरे त्यांच्या डोळ्यांदेखत उठली होती ते त्यांच्या पाठीमागे राहिले.

यानंतरचा काळ भटकंतीचा आहे. आग्रा, फत्तेगड, प्रयाग, आणि पुढे नाशिक. फत्तेगडच्या मुक्कामी १८३५ साली फॅनी पार्क्स नावाची एक इंग्रज बाई त्यांस भेटली. तिने हिंदुस्थानातील आपल्या प्रवासाचा वृत्तांत १८५० साली छापला, आणि त्यामुळे पदच्युत राणीचे चित्र आपणांस जवळून पाहावयास मिळते. राणी तांबड्या रेशमाचे साधे वस्त्र नेसलेली, हातांत दोन साध्या सोन्याच्या कांकणांवाचून अंगावर दागिना नाही, केस पिकलेले, हसणे गोड. भोवती दासी व नातलग स्त्रिया उभ्या, शेजारी नात गजराराजा, आणि समोर गादीवर पायांपाशी शिंद्यांची तलवार ठेवलेली. राज्य गेले होते, तंबूत राहणे नशिबी आले होते, तरी ती तलवार आणि ती गादी यांची मांडणी रोज होत होती.

एके दिवशी घोडेस्वारीची गोष्ट निघाली. इंग्रज स्त्रिया दोन्ही पाय एकाच बाजूस सोडून घोड्यावर बसतात हे ऐकून मराठमोळ्या मंडळींस मोठे नवल वाटले. पार्क्सबाईने तसे बसून दाखविले, आणि मग मराठी पोशाख करून मराठी पद्धतीने घोडा फेकून पाहिला. तिलाही तीच रीत अधिक पसंत पडली. दुसऱ्या एका भेटीत विलायतेतील विवाहित स्त्रियांच्या हक्कांचा विषय निघाला. त्या काळी इंग्लंडच्या कायद्याप्रमाणे लग्नानंतर स्त्रीची मिळकत पतीची होई; तेथील विवाहित स्त्रीस आपल्या नावे मालमत्ता ठेवण्याचा पुरता हक्क १८८२ च्या कायद्याने मिळाला. म्हणजे जे राष्ट्र आमच्या दरबारांस सुधारणेचे धडे देत होते, त्याच्या घरंदाज स्त्रीस स्वतःच्या पैशावर अधिकार नव्हता, आणि जिला राज्यातून घालविले ती मराठी विधवा आपल्या पेढ्यांची मालकीण होती. दोघींनी एकमेकींच्या समाजातील स्त्रियांच्या हालांची तुलना केली. हिंदू विधवेचे जिणे किती कठीण आहे हे बाईंनी लपवून ठेवले नाही, आणि इंग्रज बाईनेही आपल्या कायद्याची बाजू घेतली नाही. अशा मोकळ्या संभाषणाचे दुसरे उदाहरण त्या काळात आमच्या पाहण्यात नाही.

बाईंचे द्रव्य हेच त्यांचे बळ आहे हे शत्रूंसही ठाऊक होते. काशीतील त्यांच्या ठेवीवर ग्वाल्हेर दरबाराने हक्क सांगितला, तेव्हा कंपनीने त्या पैशावर आपला पहारा बसविला. बाईंनी उत्तरेत राहू नये, दक्षिणेत जावे असा कंपनीचा हट्ट होता. त्यांनी शक्य तितका काळ तो टाळला. प्रकृती, पाऊस, तीर्थयात्रा अशी एकामागून एक निमित्ते झाली. शेवटी वार्षिक चार लाखांची नेमणूक घेऊन १८४० नंतर त्या नाशिकास येऊन राहिल्या. गोदावरीच्या काठी त्यांची काही वर्षे गेली.

इकडे जनकोजीराव १८४३ च्या फेब्रुवारीत अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी निपुत्रिक वारले. त्यांची तरुण विधवा ताराबाई हिने जयाजीरावांस दत्तक घेतले. जे १८२७ साली घडले तेच पुन्हा घडले: विधवा राणी, दत्तक बालक, भांडणारे सरदार आणि दारात इंग्रज. या खेपेस इंग्रज थांबले नाहीत. १८४३ च्या २९ डिसेंबर रोजी महाराजपूर व पनियार या दोन ठिकाणी एकाच दिवशी लढाया होऊन शिंद्यांची फौज मोडली. बायजाबाईंनी सहा वर्षे जे टाळले होते ते त्यांच्यामागे दहा वर्षांत झाले. कारभारी म्हणून त्यांची योग्यता यावरून ठरवावी. पुढे त्यांस उज्जैनीस, आणि अखेर ग्वाल्हेरीस परत येऊ देण्यात आले. आता त्या घरातील वडीलधाऱ्या होत्या, आणि तरुण जयाजीराव त्यांस मान देत.

अखेरची कसोटी १८५८ च्या जूनमध्ये आली. तात्या टोपे, रावसाहेब पेशवे व झाशीच्या राणी लक्ष्मीबाई ग्वाल्हेरवर चालून आल्या, शिंद्यांची फौज त्यांस मिळाली, आणि जयाजीराव आग्र्यास गेले. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बायजाबाई राजघराण्यातील स्त्रियांस घेऊन नरवरास निघून गेल्या. ग्वाल्हेरीस येऊन राज्य हाती घ्यावे असे निरोप पेशव्यांच्या पक्षाकडून त्यांस आले. पंचवीस वर्षांपूर्वी हिसकावून घेतलेली गादी आपण होऊन समोर आली होती. त्यांनी ती घेतली नाही.

येथे वाचकांच्या मनात प्रश्न उभा राहील. १८१७ साली पेशव्यांसाठी पतीशी भांडणारी हीच स्त्री, मग आता पेशव्यांचा निरोप तिने का नाकारला? भ्याली म्हणावे तर जिचे आयुष्य छावणीत गेले तिच्याविषयी तसे म्हणवत नाही. आम्हांस दिसते ते असे. तेहतिसाव्या वर्षी त्यांच्या डोळ्यांपुढे मराठी राज्य होते. चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यांच्या पदराखाली घरातील मुलीबाळी होत्या, आणि फौजेच्या भरवशावर मिळालेली गादी फौजच कशी काढून घेते हे त्यांनी स्वतः भोगले होते. त्याच महिन्यात ग्वाल्हेरनजीक लक्ष्मीबाई लढता लढता पडल्या, आणि थोड्याच दिवसांत ग्वाल्हेर इंग्रजांनी परत घेतले. एकीने प्राण देऊन नाव राखले, दुसरीने मोह आवरून घर राखले. पहिलीस देशाने डोक्यावर घेतले ते योग्यच झाले. म्हणून दुसरीस विसरावे हे मात्र योग्य नाही.

१८६३ साली ग्वाल्हेरीसच बायजाबाईंनी देह ठेवला. वयास एकोणऐंशी वर्षे झाली होती.

त्यांस देवता करण्याची आमची इच्छा नाही. त्या करारी होत्या, सत्तेचा लोभ त्यांस होता, आणि दत्तक पुत्राशी त्यांचे वागणे न्यायाचे नव्हते. परंतु त्यांच्या आयुष्यातील देण्याघेण्याचा ताळेबंद मांडला तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. बापाने दिलेले वैभव रक्ताने माखलेले होते. पतीने दिलेली सत्ता मुलाने काढून घेतली, आणि कंपनीने दिलेला मान कंपनीच्या सोयीने वरखाली होत राहिला. स्वतःच्या बुद्धीने जोडलेले धन तेवढे त्यांचे खरे आपले होते. त्या धनावर त्यांनी वनवासातही शेकडो माणसे पोसली आणि कोणापुढे हात पसरला नाही. त्यातलेच काही विहिरीवरच्या मंडपास, नदीच्या पायऱ्यांस आणि देवाच्या गाभाऱ्यास लागले. आपल्या मुलींस दागिने घालावे, लिहिणे शिकवावे. पण हिशेब ठेवणेही शिकवावे, एवढे तरी या चरित्रापासून घरोघर घेण्यासारखे आहे.